प्रभाकरची मंडळी

प्रभाकर सोनकांबळेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काहीही करत नव्हता. हैदराबादमधल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या तळघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसला होता आणि समोरच्या कठड्यावरच्या काचेच्या उंच नळकांड्याकडे बघत होता. नळकांड्यात चहाच्या रंगाचं पाणी होतं. मी तावातावाने खाली उतरले होते. चौथ्या मजल्यापर्यंत वास येतो अशी तक्रार होती, मी नुकतीच असोसिएशनची सेक्रेटरी झाले होते, आणि नव्या सेक्रेटरीच्या अंगात जे वारं शिरतं ते माझ्याही अंगात शिरलं होतं.

"इधर इनचार्ज कौन है?" मी दारातूनच विचारलं.

तो उठला. खिशातून रुमाल काढून त्यानं खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. "बसा मॅडम. अर्धा तास थांबा, मग सांगतो."

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे?"

"जिना उतरताना सोताशीच बोलू लालत्या तुम्ही," तो म्हणाला.

मी काय बोलत उतरले होते ते आठवून मला शरमल्यासारखं झालं आणि मी मुकाट्याने बसले. आणि खरोखर अर्धा तास बसले. हळूहळू त्या नळकांड्यातला तपकिरी गाळ खाली बसत गेला, वर पाणी मोकळं होत गेलं, आणि शेवटी गाळ तीनशेच्या रेघेपाशी थांबला. प्रभाकरने घड्याळ पाहिलं, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि म्हणाला, "मंडळी ठीक आहेत. वास दुसरीकडून येतोय. सी ब्लॉकच्या चेंबरचं झाकण उघडं राहिलंय, पाहून घ्या." झाकण उघडंच होतं.

ही "मंडळी" म्हणजे जीवाणू. आमच्या दोनशे चाळीस फ्लॅटमधलं संडास-न्हाणीघराचं सगळं पाणी तळघरातल्या टाक्यांत येतं. तिथे ब्लोअर नावाची यंत्रं त्या पाण्यात रात्रंदिवस हवा सोडतात, हवेवर जीवाणू जगतात, आणि ते घाण खाऊन टाकतात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळून पुन्हा फ्लशला आणि बागेला जातं. फ्लॅट घेताना आम्हाला हे सगळं सांगितलं असणार. आम्ही तेव्हा स्वयंपाकघरातले कप्पे उघडून बघत होतो. कुकटपल्लीसारख्या ठिकाणी एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या पोटात असं एकेक यंत्र आहे, आणि त्या यंत्राजवळ कोण बसतं हे वर राहणाऱ्यांना बहुतेक ठाऊकच नसतं.

माझं म्हणाल तर मी शहरातल्याच हिमायतनगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथलं घर भावांनी विकलं, मुलानं इथे फ्लॅट घेतला आणि तो परदेशी गेला, मी राहिले. पुस्तकांना धूळ नको, कपाटाला वाळवी नको, कोपऱ्यात जाळी नको, या नादात माझं आयुष्य गेलं. घरात फिनाइलचा वास आला की मला बरं वाटतं. प्रभाकर माझ्या मुलाच्या वयाचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, लिहिताना मात्र आपोआप "तो" येतंय, ते तसंच राहू देते.

तो दिसायला साधा, मध्यम उंचीचा, डोक्यावर विरळ केस. पण शर्ट कायम पांढरा आणि कडक इस्त्रीचा. मैलापाण्याजवळ काम करणाऱ्या माणसानं पांढरा शर्ट का घालावा, असं मी एकदा विचारलं. "डाग पडला तर दिसतो की मॅडम," तो म्हणाला. "रंगीत शर्टावर काय पडलंय ते कळत नाही. तसंच घरी जाईल माणूस." कामाला लागताना तो पांढरा शर्ट खुंटीला अडकवून खाकी डगला चढवायचा. संध्याकाळी तिथल्याच नळाखाली साबण लावून आंघोळ करायचा, पुन्हा पांढरा शर्ट, आणि मग तारनाक्याची बस. नांदेडला रसायनशास्त्रात बी. एस्सी. केलं होतं. ते काचेचं नळकांडं त्याला इथे नेमणाऱ्या एजन्सीचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. कॉलेज सोडताना प्रयोगशाळेतल्या सरांनी दिलेलं.

त्याचं रजिस्टर बघून माझ्यातली ग्रंथपाल खूश झाली. अक्षर गोल, खाडाखोड नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी एखादं मराठी वाक्य. "आज मंडळी सुस्त." "मंडळी जोरात." एका गुरुवारी लिहिलं होतं, "बी ब्लॉकमध्ये कुणीतरी डोशाचं पीठ ओतलं." मी बी ब्लॉकमध्ये चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा फ्रिज बिघडला होता आणि बादलीभर पीठ आंबून गेलं होतं. त्या बाई अजून मला घाबरून असतात.

वरच्या माणसांचं सगळं त्याला खालून कळायचं. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाकडे आजारपण आलंय आणि गोळ्यांचा मारा चाललाय, कोणत्या रविवारी इमारतभर मटण शिजलं. तो ते कुणाला सांगत नसे. आला-गेला कुणी दिसला की त्याचा एकच आग्रह असायचा: वास घ्या. टाकीतलं पाणी मगात काढून पुढे करायचा. मी पहिल्यांदा नाकाला पदर लावला. तो शांतपणे मग धरून उभा राहिला. शेवटी घेतला वास. नांगरलेल्या वावरात सकाळी जसा येतो तसा, दमट मातीचा. "घाणीचा वास येतो का?" त्यानं विचारलं. नव्हता येत. "मंडळी जेवू लालीत तोवर असाच वास येतो. जेवण बंद झालं की मग घाण."

मला त्यानं एकदा फिनाइलवरूनही टोकलं होतं. "मॅडम, एवढी फिनाइल कशाला टाकता? आमच्या मंडळींना ते विषच आहे. चमचाभर पुरतं." मला राग आला. माझ्या मोरीत मी काय टाकते हे तळघरातल्या माणसानं सांगावं? त्याचं म्हणणं मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं, पटलं नव्हतं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लिफ्टमध्ये एक जुना फाटका कागद चिकटवलेला होता. तो मी काढला आणि नवा, नीट छापलेला, काचेखाली लावला. कामगार व घरकाम करणाऱ्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, बाहेर जाताना गेटवर पिशवी दाखवावी. खाली माझी सही. नियम माझ्या आधीचाच होता, मी फक्त कागद स्वच्छ केला. त्यावेळी मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

संक्रांतीला आमची इमारत ओस पडते. आंध्राकडची सगळी कुटुंबं गाड्या भरून गावी जातात. चार-पाच दिवस पार्किंगमध्ये क्रिकेट खेळता येईल एवढी जागा होते. त्या वर्षी भोगीच्या सकाळी मी बाल्कनीत उभी होते तर प्रभाकर खांद्यावर गोणी घेऊन गेटमधून येताना दिसला. सुट्टी होती त्याला. मी खाली गेले. तो गुळाच्या ढेपा फोडून बादलीत भिजत घालत होता, शेजारी ताकाची कॅन आणि शेणाची पाटी.

"हे काय?"

"वरून काही येईना झालं मॅडम. माणसंच नाहीत. मंडळी उपाशी मरतील." तो गुळाचं पाणी टाकीत सोडत म्हणाला. "सणासुदीला उपाशी ठेवू नये कुणाला."

मी वर जाऊन तिळगुळाचा डबा आणून दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, आवडले का लाडू. "छान होते. दोन मी खाल्ले, बाकी बाबांना नेले." मग म्हणाला, "मंडळींना नाही दिले. तीळ पचत नाही त्यांना." त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. मी किती तरी वेळ हसत होते. त्या चार दिवसांत इमारतीत राहिलेल्या आम्हा सात-आठ घरांना तो रोज येऊन सांगायचा, पाणी वापरा, भरपूर आंघोळी करा. पाणी वाया घालवा म्हणून विनवणारा माणूस या शहरात दुसरा मिळणार नाही.

बाबा म्हणजे त्याचे वडील. त्यांच्याबद्दल त्यानं एकदम असं कधी सांगितलं नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाने तुकड्यातुकड्यात सांगितलं. कारण तोवर मला सकाळी खाली जाऊन नळकांड्यासमोर बसायची सवय लागली होती. त्यांचं गाव नांदेडकडचं. गावात मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम त्यांच्या घराकडे होतं. अठरा वर्षांचे असताना एका सकाळी ते काम अर्ध्यात टाकून बाबा निघाले, रेल्वेत बसले आणि हैदराबादला उतरले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागले. तारनाक्याजवळच्या क्वार्टरमध्ये तीन मुलं शिकवली. आता ऐंशीला आले होते. "बाबा म्हणतात, गाव विसरलो, माणसं विसरलो, तो वास नाही विसरलो," प्रभाकर म्हणाला.

आमचं गाव देगलूरजवळ. आमच्या आजोबांच्या गोठ्यात बैल मेला की कुणाला बोलावणं जाई, ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. ती माणसं नंतर ते ओढून कुठे नेत, घरी जाऊन कशी जेवत, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या सकाळीही विचारलं नाही.

बाबांना त्यानं सांगितलं होतं की तो पाण्याच्या प्लांटवर केमिस्ट आहे. खोटं नव्हतं ते. पण कोणतं पाणी, हे सांगितलं नव्हतं. एकदा बाबा मुलाची नोकरी बघायला म्हणून बसने एकटेच आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. प्रभाकरने त्यांना तळघरात नेलं नाही, बागेत नेलं. मला म्हणाला, "या आमच्या मॅडम." बाबांनी हात जोडून "जयभीम" केला, मीही हात जोडले. मग ते जास्वंदीजवळ सोडलेल्या पाण्याच्या पाइपापाशी वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाजवळ नेलं.

"वास नाही," ते म्हणाले. "कुठून येतंय रे हे?"

"खालून," प्रभाकर म्हणाला. "सांगतो कधीतरी, बाबा."

म्हातारा खूश होऊन गेला. प्रभाकरने मात्र दोन दिवस शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. तिसऱ्या दिवशी नळकांड्यासमोर बसल्यावर मला म्हणाला, "मॅडम, एकदा बाबांना इथं खाली आणायचंय. सगळं सांगायचंय. वरून काय येतं ते दाखवायचं आणि मग हे पाणी दाखवायचं. पण सलग महिनाभर असा गाळ बसला पाहिजे, वरचं पाणी काचेवानी पाहिजे. एकदाच दाखवता येईल मला. दुसऱ्यांदा ते येणार नाहीत." मला तेव्हा कळलं की हा माणूस रोज अर्धा तास कशासाठी बसतो.

तो महिना आला. पावसाळा सरला होता, ब्लोअर दुरुस्त झालेले, रजिस्टरमध्ये रोज तीनशेच्या आसपासचा आकडा आणि शेऱ्यात रोज "मंडळी जोरात." शनिवारी जाताना तो मला म्हणाला, "उद्या सुट्टी आहे. बाबांना सांगून टाकतो. सोमवारी घेऊन येतो." नेहमी दबकं बोलणारा माणूस जवळजवळ हसत होता. मी म्हणाले, आणा, मी चहा करून पाठवते.

आणि याच रविवारी माझा स्वच्छता दिन होता.

आमच्या भागातल्या इमारतींची एक स्पर्धा होती, सर्वांत स्वच्छ वसाहत कोणती याची. मी त्यात जीव ओतला होता. कचऱ्याचे डबे रंगवून घेतले, जिने धुऊन घेतले, आणि सगळ्यांवर कळस म्हणून एक कल्पना काढली. प्रत्येक फ्लॅटला एक बाटली फिनाइल आणि एक बाटली संडास धुवायचं ॲसिड वाटायचं, आणि रविवारी बरोबर दहा वाजता दोनशे चाळीस घरांनी एकाच वेळी सगळे संडास, सगळ्या मोऱ्या धुवून काढायच्या. सूचना छापली आणि लिफ्टमध्ये लावली. चार दिवस आधी लावली. सगळ्यांनी वाचली. ज्याला लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला मी मनाई केली होती, त्यानं तेवढी वाचली नाही. शनिवारी सकाळी मी त्याच्यासमोर अर्धा तास बसले होते, पण स्पर्धेचा विषय मला काढावासा वाटला नाही. वरचं वर, खालचं खाली, असंच माझ्या डोक्यात होतं.

दहा वाजता मी खाली पार्किंगमध्ये उभं राहून शिट्टी वाजवली. सगळ्या खिडक्यांतून पाण्याचे आवाज, बायका बाल्कनीतून हात हलवतायत, आमचे अध्यक्ष सुब्बाराव गारू, म्हणजे आपल्याकडचे साहेब, फोटो काढतायत. दुपारपर्यंत इमारतीला असा सुवास सुटला होता की मी दोन वेळा जिन्यावरून खालीवर केलं. संध्याकाळी वॉचमन यादय्या वर आला. चांगला पन्नाशीचा, धीराचा माणूस, पण घाबरलेला.

"मैडम, नीचे झाग आ गया. टाकी के ऊपर तक. मेरे कू डर लगा तो मैं बटन बंद कर दिया."

"कधी?"

"ग्यारा बजे."

म्हणजे ब्लोअर सकाळी अकरापासून बंद होते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सोमवारी प्रभाकर येईल, बघेल, असं म्हणून मी झोपले. आता ते आठवलं की मला माझीच चीड येते.

सोमवारी नऊ वाजता मी थर्मासमध्ये चहा घेऊन जिन्यानं उतरले. पहिल्या तळघरापर्यंतच मला नीट जाता आलं. तसला वास मी आयुष्यात घेतला नव्हता. रुमाल लावून कशीबशी खाली गेले. प्रभाकर पांढऱ्या शर्टातच टाकीजवळ उभा होता, डगला चढवायचंही त्याला सुचलं नव्हतं. टाकीतलं पाणी काळं झालं होतं, त्यावर मळकट फेस सुकला होता. दाराशी बाबा, काठी टेकून. त्यांनी नाकाला काही लावलं नव्हतं. ते हळूहळू श्वास घेत होते, जणू ओळख पटवत होते.

"परभाकर," ते म्हणाले, "हे तर त्येच हाय की रे."

प्रभाकरने काहीतरी सांगायला हवं होतं, आज असं आहे, परवापर्यंत असं नव्हतं, मी सांगायला हवं होतं, ही माझी करणी आहे. मी तोंड उघडलंही. "बाबा, काल आम्ही..." पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. "मी तितून पळालो," ते मुलाला म्हणाले, "आन् तू पंधरा बुकं शिकून तितंच आलास व्हय." आवाज चढला नाही. मग वळून एकेक पायरी चढत गेले. यादय्यानं त्यांना रिक्षात बसवून दिलं.

प्रभाकरने डगला चढवला, नळकांड्यात पाणी भरलं, कठड्यावर ठेवलं आणि खुर्चीवर बसला. मी शेजारी उभी राहिले. अर्ध्या तासाने पाणी वरपासून खालपर्यंत तसंच गढूळ होतं. गाळ बसलाच नाही.

"काय टाकलं, मॅडम?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. किती बाटल्या, किती वाजता, सगळं. सूचना लिफ्टमध्ये लावली होती हेही सांगितलं. तो रागवेल, ओरडेल, असं मला वाटत होतं आणि खरं तर तेच मला हवं होतं. त्यानं रजिस्टर उघडलं, आकड्याच्या जागी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, "मंडळी गेली."

नंतरचे तीन आठवडे तो झटला. दुसऱ्या इमारतीच्या प्लांटवर त्याचा एक ओळखीचा होता, त्याच्याकडून ड्रम भरभरून जिवंत गाळ आणला. गूळ, शेण, ताक, पुन्हा संक्रांतीसारखी सगळी सरबराई. पण वरून फिनाइल येतच होतं. वाटलेल्या बाटल्या संपल्या तसे लोकांनी स्वतःच्या आणायला सुरुवात केली. वास येतोय म्हणून लोक आणखी ॲसिड ओतत होते, आणि ॲसिड ओतलं जातंय म्हणून वास जात नव्हता. मी दारोदार फिरून सांगत होते, टाकू नका. शिट्टी मारून टाका म्हणणारी बाई आता टाकू नका म्हणते, हे लोकांना विनोदी वाटायचं. प्रभाकर एवढंच म्हणायचा, "मला सहा आठवडे द्या मॅडम. सहा आठवडे कुणी काही टाकू नका."

असोसिएशनची मीटिंग झाली. ऑपरेटरचा हलगर्जीपणा, असा ठराव समोर आला. मी उभी राहिले. सांगितलं की चूक माझी आहे, त्या रविवारी आपण सगळ्यांनी मिळून प्लांट मारला, या माणसाचा यात काडीचाही दोष नाही. मला वाटलं होतं सभा गंभीर होईल. सुब्बाराव गारू प्रेमळपणे हसले.

"मैडम गारू, आप बहुत अच्छे हैं. लेकिन सफाई करने से मशीन मरता क्या?"

सगळे हसले. कुणी पाठ थोपटल्यासारखं केलं. कबुली देऊनही ती कुणी घेतली नाही तर माणसानं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. ठराव झाला की प्लांट तूर्त बंद ठेवावा, पाणी सरळ मागच्या नाल्यात सोडावं, आणि बागेला बोअरचं पाणी द्यावं. मी विरोधात हात वर केला. एकच हात होता.

नाला मागच्या भिंतीपलीकडून तळ्यात जातो. तळ्याच्या काठाला पत्र्याची घरं आहेत. पाइप जोडायला माणसं आली त्या सकाळी प्रभाकर भिंतीशी उभा होता. मला म्हणाला, "आपलं कुठं जातं, मॅडम? खाली जातं. खाली कुणी ना कुणी असतंयच." त्यानं एजन्सीला लिहून कळवलं, मी दोन सरकारी कचेऱ्यांत अर्ज दिले. पोच मिळाली. एकदा तपासणीला कुणीतरी आलं, बाग हिरवी दिसली, त्यांना रजिस्टर बघायचं होतं. सुब्बाराव गारूंनी प्रभाकरला सांगितलं, मधल्या दिवसांचे आकडे भरून टाक. त्यानं नाही भरले. रेघाच राहू दिल्या. पुढच्या महिन्यात एजन्सीनं त्याला काढलं.

शेवटच्या दिवशी मी सकाळीच खाली गेले. त्यानं नेमानं नळकांडं भरून ठेवलं होतं, पांढरा शर्ट खुंटीला, अंगात डगला. टाकीत साठून राहिलेलं काळं पाणी होतं ते. आम्ही दोघं अर्धा तास बसलो. काहीच बसणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. विचारतच नाहीत. घरी गेलो की मी जवळून जातो ना, तेव्हा तोंड फिरवत नाहीत, पण श्वास धरतात."

मी म्हणाले, मी येते तारनाक्याला, मी सांगते त्यांना. तो म्हणाला, "नको मॅडम. त्यांनी वास घेतलाय. आता सांगून काय."

त्यानं नळाखाली आंघोळ केली, कपडे बदलले, नळकांडं तीन वेळा धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. तो जिन्याकडे वळला तशी मी म्हणाले, "लिफ्टने चला." सहीचा तो कागद मी पहाटेच काढून टाकला होता. तो क्षणभर थांबला आणि आत आला. पाच वर्षं या इमारतीत काम करून तो लिफ्टमध्ये पहिल्यांदाच चढत होता. कागद काढला होता, पण त्याच्या वरची चौकट काढायचं मला सुचलं नव्हतं. कालच लागली होती ती. स्वच्छ वसाहत, प्रथम पारितोषिक, प्रमाणपत्र, आणि खाली त्या रविवारचा फोटो. मी मधोमध, गळ्यात शिट्टी, आणि सभोवती हातात बाटल्या धरलेल्या बायका.

दुसऱ्या तळघरापासून वर येईपर्यंत त्यानं सगळं वाचलं. रजिस्टर वाचावं तसं, अक्षर न् अक्षर.

"फोटो छान आलाय मॅडम तुमचा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी तो धरून बसले असते.

दार उघडलं. त्यानं आधी मला बाहेर पडू दिलं. मी तिथेच उभी राहिले. गेटवर यादय्या "रहने दो साब, रहने दो" म्हणत होता, तरी प्रभाकरने पिशवी जमिनीवर ठेवली, वर्तमानपत्र सोडलं, आणि ते काचेचं रिकामं नळकांडं दोन्ही हातांनी उचलून त्याला दाखवलं. मग पुन्हा नीट गुंडाळलं, काखेला लावलं आणि तो बसच्या दिशेनं गेला.